गुरूचा हिमालिया ८ इंची न्यूटोनियनमधून टिपायचा आहे: जागा कशी काढायची, एक्स्पोजर किती, खात्री कशी करायची?

मघा_पश्चिम

नमस्कार मंडळी,

फेब्रुवारी २०२७ मधल्या गुरूच्या प्रतियुतीला (गुरू सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला येतो तेव्हा) गॅलिलिओच्या चार चंद्रांपलीकडचा हिमालिया फोटोत पकडायचा विचार आहे. सामान असं: २०३ मिमी एफ/५ न्यूटोनियन (नाभीय अंतर १००० मिमी, कोमा करेक्टर ते बदलत नाही), जर्मन इक्वेटोरियल माउंट, ५० मिमीचा गाइडस्कोप, आयएमएक्स५३३ सेन्सरचा कूल्ड कलर कॅमेरा. जागा पुण्यातली गच्ची, आकाश बॉर्टल ७-८ (अंधाराची १ ते ९ पट्टी, ९ म्हणजे सर्वांत उजळ). गरज असेल तर शहराबाहेर जाता येईल.

हिमालियाची दृश्यप्रत (तेजाचा आकडा, जितका मोठा तितकी वस्तू मंद) साधारण १४.७ असते हे वाचलं आहे. तेवढी प्रत या आरशाला जड नाही, पण शेजारी गुरू आहे. म्हणून तीन प्रश्न. नेमकी जागा कुठून घ्यायची, कारण वेगवेगळ्या प्रोग्रॅममध्ये वेगवेगळी दिसते? एक्स्पोजर आणि फ्रेमिंग कसं ठेवायचं? आणि मिळालेला ठिपका हिमालियाच आहे, तारा किंवा लघुग्रह नाही, हे कसं सिद्ध करायचं? ड्युअल-बँड फिल्टर आहे, तो शहरात लावावा का?

---

विकला

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी: तो फिल्टर काढून ठेवा. हिमालिया परावर्तित सूर्यप्रकाशाने दिसतो, म्हणजे त्याचा उजेड सगळ्या रंगांत पसरलेला. हायड्रोजन आणि ऑक्सिजनच्या दोन अरुंद पट्ट्या सोडून बाकी सगळं अडवलंत तर चंद्राचा बहुतेक प्रकाश जातो, तोटा तीन प्रतींच्या घरात. साधा यूव्ही-आयआर कट पुरे.

आता जागा. हिमालिया गुरूपासून सरासरी १ कोटी १४ लाख किमीवरून, सुमारे २५० दिवसांत एक फेरी मारतो. कक्षा गुरूच्या कक्षेशी साधारण २८ अंश कललेली आणि बऱ्यापैकी लंबवर्तुळाकार (विकेंद्रता ०.१६). इतक्या लांब सूर्याची ओढ चांगलीच जाणवते आणि कक्षा सतत बदलत राहते. जो प्रोग्रॅम एकदाच भरलेलं स्थिर लंबवर्तुळ धरून गणित करतो, त्याची जागा काही वर्षांत चुकायला लागते. तुम्हाला दिसलेला फरक तिथून येतो. तारांगण दाखवणाऱ्या प्रोग्रॅमवर आतल्या चार चंद्रांसाठी खुशाल विसंबा, बाहेरच्यांसाठी नको.

जेपीएलच्या होरायझन्स सेवेवर जा. टार्गेट ५०६ (गुरू ५ आणि सहावा उपग्रह ०६). ऑब्झर्व्हर टेबल निवडा, अक्षांश-रेखांश पुण्याचे द्या, पायरी ३० मिनिटांची. क्वांटिटी १ आणि ३ घ्या. १ म्हणजे अ‍ॅस्ट्रोमेट्रिक विषुवांश-क्रांती (आकाशातले रेखांश-अक्षांश), ३ म्हणजे त्यांचा वेग. गाव न देता पृथ्वीच्या केंद्रावरून काढलंत तरी फरक जास्तीत जास्त २ विकलांचा (अंशाचा साठावा भाग कला, कलेचा साठावा भाग विकला), त्याने काही अडत नाही. अडतं ते दोन ठिकाणी.

एक, क्वांटिटी २ म्हणजे 'अपॅरंट' जागा घेणं. ती त्या तारखेच्या विषुवाची असते आणि तुमचा नकाशा, प्लेट-सॉल्व्हिंग (ताऱ्यांवरून चित्राची जागा काढणं) सगळं जे२००० मध्ये, म्हणजे सन २००० च्या विषुवाच्या मापात. २००० ते २०२७ एवढ्या काळात परांचनामुळे (पृथ्वीच्या अक्षाच्या संथ डुलण्याने) हा फरक २२-२३ कलांचा होतो. तुमच्या सेन्सरची बाजू ११.३ मिमी, म्हणजे चौकट साधारण ३९ कलांची, मध्यापासून कड १९ कलांवर. चंद्र चौकटीत येणारच नाही आणि तुम्ही एक्स्पोजर वाढवत बसाल.

दोन, वेळ. होरायझन्स वैश्विक वेळ देतं, आपली साडेपाच तास पुढे. प्रतियुतीच्या सुमारास हिमालिया ताऱ्यांवरून ताशी १९ विकलांच्या आसपास वक्री सरकतो. साडेपाच तासांचा घोळ म्हणजे पावणेदोन कला, तुमच्या ०.७८ विकला प्रति पिक्सेलच्या मापात जवळपास १३५ पिक्सेल. तो चौकटीत असेल, पण तुम्ही भलत्याच ठिपक्यावर बोट ठेवाल.

त्याच टेबलसारखं गुरूचं टेबल (टार्गेट ५९९) काढा आणि दोघांतलं अंतर पाहा. हिमालिया गुरूपासून जास्तीत जास्त एक अंश आणि वर आठ-दहा कला एवढा दूर जातो. कॅलिस्टो कितीही बाजूला गेला तरी १० कलांच्या आत. अंतर ३० कलांहून जास्त असेल अशी रात्र निवडा, १५ कलांच्या आत असेल तर सोडून द्या. फेरी २५० दिवसांची असल्यामुळे परिस्थिती एका रात्रीत बदलत नाही, दोन-तीन आठवडे पुढेमागे करावे लागतात.

---

खमध्य

फ्रेमिंगबद्दल सांगतो, कारण हा सगळा खेळ गुरूच्या झगमगाटाशी आहे. गुरू त्या वेळी उणे २.६ च्या आसपास, हिमालिया १४.७. म्हणजे गुरू ८०-८५ लाख पट तेजस्वी. अमाल्थिया हा गुरूचा आतला चंद्र हिमालियापेक्षा उजळ आहे, १४.१ च्या आसपास, पण तो गुरूच्या कडेपासून जेमतेम ३५ विकला दूर जातो, म्हणून आपल्या दुर्बिणींना जवळजवळ अशक्य. हिमालिया मंद असूनही सोपा, कारण तो लांब आहे. या 'लांब'चा पुरेपूर फायदा घ्या: हिमालियाला मध्यावर ठेवा आणि गुरूला चौकटीबाहेर जाऊ द्या. गुरू कोपऱ्यात 'छान दिसतो' म्हणून आत ठेवायचा मोह आवरा.

तरीही गुरू तुमच्या नळीत डोकावणारच. चौकटीच्या लगेच बाहेर असला की फोकसरच्या आतल्या चकचकीत भिंतीवरून, करेक्टरच्या कडेवरून उजेड उसळतो आणि चित्रात कमानी, पट्टे उमटतात. गुरू कडेपासून निदान १०-१५ कला लांब जाईल अशी चौकट सरकवा, हिमालिया मध्यापासून थोडा बाजूला गेला तरी चालेल. फोकसरच्या आतून मॅट काळा कागद किंवा फ्लॉकिंग लावा. फोकसरची नळी मुख्य नळीत घुसत असेल तर तिच्या कडेलासुद्धा.

मग येतात स्पाइक. दुय्यम आरशाच्या चार पट्ट्यांमुळे गुरूला चार लांब किरण फुटतात आणि ते चौकटीत आडवे येतात. हिमालिया नेमका किरणाखाली आला तर कॅमेरा फिरवून काहीही होत नाही: चित्र फिरतं, पण किरण आणि चंद्र यांची आकाशातली सांगड तशीच राहते. माउंटच्या रिंगा सैल करून अख्खी नळी २०-३० अंश फिरवा, म्हणजे पट्ट्यांची दिशा बदलते. त्यानंतर बॅलन्स पुन्हा तपासा, फोकसर आणि कॅमेऱ्याचं वजन जागा बदलतं. मेरिडियन फ्लिपने (गुरू मध्यमंडल ओलांडताना नळी माउंटच्या दुसऱ्या बाजूला उलटवण्याने) हा प्रश्न सुटत नाही, कारण १८० अंशांत फिरून चार किरण तिथेच येतात.

फ्लिपवरून आठवलं. प्रतियुतीला गुरूची क्रांती +१५ अंशांच्या आसपास आणि पुण्याचा अक्षांश साडेअठरा. म्हणजे गुरू रात्री पाऊणच्या सुमारास अगदी खमध्याजवळून (डोक्यावरच्या बिंदूजवळून) जाणार, ३-४ अंशांच्या फरकाने. हवेचा थर पातळ म्हणून उत्तम, पण त्या वेळी कॅमेरा ट्रायपॉडच्या पायाला किंवा पिअरला घासण्याचा धोका असतो. संध्याकाळीच नळी तिथपर्यंत हाताने नेऊन पाहा. माझ्या मते फ्लिपच्या भानगडीत पडूच नका. साडेआठ ते सव्वाबारा हा पट्टा पुरेसा आहे.

एक्स्पोजर: बॉर्टल ८ मध्ये एफ/५ ला ३० सेकंद. आकाशाचा उजेडच इतका असतो की सेन्सरचा रीड-नॉइज (फ्रेम वाचताना येणारा गोंगाट) त्यात बुडून जातो, लांब फ्रेमने काही मिळत नाही. गेन असा ठेवा की सेन्सरचा एचसीजी मोड (कमी रीड-नॉइजचा) सुरू होईल, तापमान उणे १० ते ०. कोलिमेशन आणि फोकस नीट असेल तर १४.७ प्रत एकट्या ३० सेकंदांच्या फ्रेममध्येही दिसायला हवी. डार्क (झाकण लावून) आणि फ्लॅट (एकसारख्या उजेडाच्या) फ्रेम दोन्ही घ्या. झगमगाटाच्या उतरत्या छटेत फ्लॅट नसेल तर धुळीचे गोल आणि खरे ठिपके यांत घोळ होतो.

गाइडस्कोपचं क्षेत्र मोठं असतं, त्यात गुरू सहज येतो. गाइडिंगच्या पीएचडी२ प्रोग्रॅमला आपोआप तारा निवडू देऊ नका, गुरूपासून लांबचा मध्यम तारा हाताने निवडा. ध्रुवतारा आपल्याकडे जेमतेम साडेअठरा अंशांवर, गच्चीवरून बऱ्याचदा इमारतीमागे किंवा धुरक्यात. तो दिसत नसेल तर ड्रिफ्ट पद्धतीने पोलर अलाइनमेंट करा, ती टाळू नका. अलाइनमेंट ढिली असेल तर तासाभरात चित्र फिरतं आणि कोपऱ्यातले तारे जुळवताना पंचाईत होते.

---

ध्रुवमत्स्य

वरचं सगळं मान्य. पण स्टॅकिंगचा मुद्दा सुटला आहे आणि नेमका तिथेच हिमालिया हातचा जातो.

नेहमीच्या सवयीने दोन तास फ्रेम घेऊन, ताऱ्यांवर जुळवून, सिग्मा-क्लिपिंग (सरासरीपासून फार वेगळे पिक्सेल वगळणं) लावून स्टॅक केलंत, म्हणजे सगळ्या एकत्र केल्यात, तर तयार चित्रात हिमालिया नसेल. तासात तो सुमारे २५ पिक्सेल सरकतो आणि त्याच्या ठिपक्याची रुंदी चारेक पिक्सेलची. कुठल्याही एका पिक्सेलवर तो थोड्याच फ्रेममध्ये असतो. क्लिपिंगला तो कृत्रिम उपग्रहाच्या रेघेसारखा उपरा वाटतो आणि ते त्याला पुसून टाकतं. चित्र स्वच्छ दिसतं, चंद्र गायब.

म्हणून पाच-पाच मिनिटांचे गट करा: ३० सेकंदांच्या १० फ्रेम. पाच मिनिटांत सरक दीड विकला, म्हणजे दोन पिक्सेल, सीइंगच्या (हवेच्या थरथरीने येणाऱ्या पसरटपणाच्या) आत झाकली जाते. एक गट नऊ वाजता, दुसरा पावणेदहाला, तिसरा साडेदहाला, चौथा सव्वाअकराला. मधल्या वेळात फ्रेम चालू ठेवल्यात तरी हरकत नाही, पण प्रत्येक गट वेगळा स्टॅक करा, साध्या सरासरीने किंवा सौम्य क्लिपिंगने. मग चारही चित्रं ताऱ्यांवर जुळवून ब्लिंक करा, म्हणजे आळीपाळीने झटपट दाखवा. तारे ठाम उभे राहतील, एक ठिपका एका रेषेत समान पावलं टाकत जाईल. १८-१९ पिक्सेलचं पाऊल डोळ्यांना लगेच दिसतं.

खोल चित्र हवंच असेल तर दुसरा स्टॅक करा: फ्रेम हिमालियाच्या वेगाने सरकवून. अ‍ॅस्ट्रोमेट्रिकात 'ट्रॅक अँड स्टॅक' आहे, टायको ट्रॅकरमध्येही जमतं. वेग आणि दिशा होरायझन्सच्या क्वांटिटी ३ मधून. यात तारे रेघा होतात आणि चंद्र टोकदार ठिपका.

आता खात्री. सरकणारा ठिपका सापडला म्हणून तो हिमालिया ठरत नाही. गुरू आयनिक वृत्ताजवळच असतो आणि तिथे १४-१६ प्रतीचे लघुग्रह भरपूर. फरक वेगात आहे. मुख्य पट्ट्यातला लघुग्रह प्रतियुतीला ताशी ३०-४० विकला सरकतो, हिमालिया गुरूच्या सोबतीने १५ ते २३ च्या मधे. गुरूच्या वेगात त्याची स्वतःची चाल मिळते किंवा वजा होते, ती फार तर ताशी चारेक विकला. गुरूपासून कमाल अंतरावर असेल तेव्हा ती चाल बहुतेक आपल्या दृष्टिरेषेतच असते, म्हणून तेव्हा तो जवळजवळ गुरूच्याच वेगाने जाताना दिसतो. मायनर प्लॅनेट सेंटरच्या एमपीचेकरमध्ये चित्राचा मध्य आणि वेळ टाका, त्या चौकटीतल्या ज्ञात लघुग्रहांची यादी मिळते. ती बाजूला ठेवून ताडून पाहा.

जागा मोजायला अ‍ॅस्टॅपने प्लेट-सॉल्व्ह करा, ताऱ्यांच्या जागांसाठी गाया कॅटलॉग घ्या. ठिपक्याचा मध्य होरायझन्सच्या जागेशी एक-दीड विकलेत जुळायला हवा, तुलना मात्र गटाच्या मधल्या क्षणाच्या जागेशी, सुरुवातीच्या नव्हे. हा पाच मिनिटांच्या गटातला सगळ्यात साधा घोळ आहे.

---

मघा_पश्चिम

सगळ्यांचे मनापासून आभार. अपॅरंट आणि जे२००० चा फरक इतका मोठा असेल असं वाटलं नव्हतं.

अजून दोन शंका. गुरूची अंतर्गत परावर्तनं, म्हणजे घोस्ट, कधी कधी अगदी ताऱ्यासारखी टोकदार असतात. ती कशी ओळखायची? आणि मित्राकडे १२ इंची डॉब्सोनियन आहे. त्यातून नुसत्या डोळ्यांनी हिमालिया दिसण्याची आशा धरावी का?

---

विकला

घोस्टसाठी डिदरिंग. दर दोन-तीन फ्रेमनंतर दुर्बीण १५-२० विकला हलवा. खरी वस्तू ताऱ्यांसोबत जागेवर राहते. घोस्ट गुरूच्या आणि चौकटीच्या सापेक्ष जागेवर ठरतो, त्यामुळे ताऱ्यांवर जुळवलेल्या फ्रेममध्ये तो उड्या मारतो, बऱ्याचदा हलवल्याच्या उलट दिशेने. हॉट पिक्सेलही याच चाळणीत अडकतात. हिमालियाची चाल गुळगुळीत आणि एका दिशेची, घोस्टची तुमच्या डिदरच्या क्रमाने. एका फ्रेमवरून निर्णय घेऊ नका, दोन सलग डिदर पुरतात.

---

खमध्य

डॉब्सोनियनबद्दल: १२ इंचातून जमू शकतं, पण कडेवरचं काम आहे आणि शहरातून नाही. आकाश बॉर्टल ४ किंवा त्याहून काळं हवं, मघाच्या परिसरातले मंद तारे डोळ्यांनी नीट दिसतील असं. १६ इंच असेल तर बरंच निवांत.

१५०० मिमी नाभीय अंतराला ६ मिमीचा आयपीस म्हणजे २५० पट, ६८ अंशांच्या आयपीसमध्ये प्रत्यक्ष क्षेत्र १६ कला. गुरू अर्धा अंश लांब असला की क्षेत्राबाहेर जातो, आकाशाची पार्श्वभूमी काळी पडते आणि मंद ठिपका वर येतो. कमी पटीने शोधत बसलात तर गुरूने डोळ्याचं अंधारानुकूलन मोडतं आणि पुढची वीस-पंचवीस मिनिटं वाया जातात. म्हणून गुरूवरून घसरत घसरत जाऊ नका. विरुद्ध बाजूच्या उजळ ताऱ्यापासून सुरुवात करून नकाशावरून तारा-तारा करत या. गुरू तेव्हा मघेच्या पश्चिमेला आठ-नऊ अंशांवर असेल, सुरुवातीला मघाच सोयीची. नकाशा १५.५ प्रतीपर्यंतचा, क्षेत्र अर्ध्या अंशाचं, आयपीसमध्ये दिसतं तसं फिरवून छापलेला हवा.

डॉब खमध्याजवळ नीट हलत नाही: उभ्या नळीला आडव्या दिशेत ढकलायला पकडच राहत नाही. गुरू ६०-६५ अंशांवर असतानाच, म्हणजे पावणेअकरा-अकराच्या सुमारास पाहा. त्या उंचीला हवेने होणारी घट नगण्य.

तिरकी नजर वापरा, नळीला हलकी टिचकी मारा, हलणारा मंद ठिपका लवकर जाणवतो. दिसला असं वाटलं तर शेजारच्या दोन ताऱ्यांशी त्याचा त्रिकोण कागदावर काढा आणि दोन तासांनी तोच त्रिकोण पुन्हा पाहा. ३८ विकलांची सरक २५० पटीत स्पष्ट कळते. त्रिकोण बदलला नसेल तर तो तारा होता.

तारखांसाठी: ६ फेब्रुवारीला अमावास्या आहे आणि प्रतियुती १० च्या आसपास, त्यामुळे महिन्याचे पहिले बारा दिवस चंद्राचा त्रास जवळजवळ नाही. त्यांतही हिमालिया-गुरू अंतर पाहूनच रात्र ठरवा. बाहेर जाणार असाल तर दुय्यम आरशाला दव धरतं, त्याला हीटर किंवा निदान लांब ड्यू-शील्ड लावा. मुख्य आरसा खोल असल्याने बहुधा वाचतो.

---

ध्रुवमत्स्य

एक पुस्ती. चार्ल्स पेरिन यांनी डिसेंबर १९०४ मध्ये लिक वेधशाळेत हिमालिया शोधला तो ३६ इंची क्रॉसली परावर्ती दुर्बिणीने काढलेल्या फोटोप्लेटवर. तुमचा आरसा त्याच्या पाव व्यासाहून थोडासाच लहान, पण आजचा सेन्सर त्या काळच्या प्लेटच्या कितीतरी पट कार्यक्षम. नुसतं 'दिसला' यावर थांबू नका, मोजण्यासारखं बरंच आहे.

हिमालिया ७.७८ तासांत स्वतःभोवती फिरतो. तो गोल नाही: कॅसिनी यानाने डिसेंबर २००० मध्ये लांबून घेतलेल्या चित्रांतही तो लांबट दिसला होता, साधारण १५० × १२० किमी. पृथ्वीवरून त्याचा व्यास ०.०५ विकलाच भरतो, आकार दिसायचा प्रश्नच नाही. पण फिरताना तेज दशांश-दोन दशांश प्रतीने कमीजास्त होतं आणि ते तुमच्या सामानाच्या आवाक्यात आहे. प्रतियुतीला गुरू रात्रभर वर असल्याने एका रात्रीत जवळजवळ पूर्ण फेरी पकडता येते. मात्र मग फ्लिप टाळता येणार नाही, त्याच्या आधी आणि नंतर वेगळे फ्लॅट घ्या. पाच मिनिटांच्या गटांत, हिरव्या चॅनेलवर, सूर्यासारख्या रंगाचे चार-पाच तुलनातारे धरून मोजा. मोजमापाची चूक ०.०३ प्रतीच्या आत ठेवा. गुरूच्या बाजूची पार्श्वभूमी उतरती असते, म्हणून गोल कड्यातली सरासरी घेण्याआधी ग्रेडियंट काढून टाका, नाहीतर चंद्र गुरूच्या दिशेने सरकताना खोटाच उजळतो.

जागेची मोजमापं मायनर प्लॅनेट सेंटरला पाठवायची असतील तर आधी स्थानक-कोड लागतो. त्यासाठी सुरुवातीला क्रमांक मिळालेल्या लघुग्रहांची एकाहून जास्त रात्रींची मोजमापं देऊन अचूकता दाखवावी लागते. ते काम दिवाळीनंतर सुरू केलंत तर फेब्रुवारीपर्यंत कोड हातात असू शकतो. संगणकाचं घड्याळ इंटरनेटवरून जुळवून घ्या, एक सेकंदाच्या आत पुरेसं आहे.

सरावाला शनीचा फीबी घ्या. शनीची प्रतियुती ४ ऑक्टोबर २०२६ ला आहे. फीबी १६.५ च्या आसपास, म्हणजे हिमालियाहून जवळपास दोन प्रती मंद, पण शनी गुरूहून बराच सौम्य. तो शनीपासून ३५ कलांपर्यंत दूर जातो, होरायझन्समध्ये क्रमांक ६०९. शहरातून ३० सेकंदांच्या ४०-५० फ्रेम लागतील, आणि इतक्या वेळेत तोही सरकतो, तेव्हा स्टॅक त्याच्या वेगानेच करा. फीबी सापडला तर हिमालियाला तुम्हाला फक्त गुरूचे किरण चुकवायचे आहेत.